हाडांवरून ठरणारा दंड

२०२२ सालच्या जूनमध्ये अवघ्या तीन आठवड्यांच्या अंतराने मोटोजीपीच्या दोन शर्यतींत दोन अपघात झाले. ५ जूनला बार्सिलोनाजवळच्या ट्रॅकवर पहिल्याच वळणाला ताकाआकी नाकागामीच्या होंडाचे पुढचे चाक ब्रेक दाबताना निसटले. तो घसरत गेला तो थेट फ्रान्चेस्को बान्यायाच्या मागच्या चाकावर, आणि त्याच धांदलीत आलेक्स रिन्सही आडवा झाला. बान्यायाची शर्यत तिथेच संपली आणि रिन्सचे मनगट मोडले. पंचांनी पाहणी करून सांगितले की हा शर्यतीतला साधा अपघात आहे, शिक्षा कोणालाच नाही. २६ जूनला नेदरलँड्समधल्या ॲसेनला फाबियो क्वार्तारारो आलेश एस्पार्गारोच्या आतल्या बाजूने घुसायला गेला. त्याचेही पुढचे चाक निसटले आणि तो पडला. एस्पार्गारो मात्र खडीत जाऊनही गाडीवरच राहिला, पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि तिथून एकेकाला मागे टाकत चौथा आला. हाड मोडले नाही, गाडी मोडली नाही, गुण बऱ्यापैकी वाचले. तरीही क्वार्तारारोला पुढच्या, म्हणजे सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत ‘लाँग लॅप’ची शिक्षा झाली. एका वळणाच्या बाहेरच्या अंगाला रंगवलेल्या लांबच्या पट्ट्यातून एकदा जायचे आणि त्यात साधारण दोन ते चार सेकंद घालवायचे, असे या शिक्षेचे स्वरूप असते. एवढ्या वेळात पाच-सहा जागा सहज जातात.

क्वार्तारारोवर अन्याय झाला असे मला म्हणायचे नाही. त्याची शिक्षा माझ्या मते योग्यच होती. प्रश्न नाकागामीचा आहे, आणि त्याहून अधिक त्या दोन निकालांमधल्या रिकाम्या जागेचा. दोघांनी केले ते एकच होते. समोरच्याच्या आत घुसताना पुढच्या चाकाला पेलणार नाही इतका वेग घेऊन ते वळणावर आले. एकाने दोघांची शर्यत संपवली आणि सुटला. दुसऱ्याने एकाला खडीत पाठवले आणि त्याला दंड झाला. नुकसान मोजून शिक्षा ठरते म्हणावे तर निकाल नेमके उलटे आहेत. कृती मोजून ठरते म्हणावे तर दोन्ही निकाल सारखे हवे होते. मग मोजले काय, याचे उत्तर पंचांच्या कागदात सापडत नाही, कारण त्या कागदावर नियमाचा क्रमांक आणि एखाददुसरे वाक्य यापलीकडे फारसे काही नसते. यामाहाच्या संघाने तेव्हा हीच विसंगती जाहीरपणे बोलून दाखवली होती. हरलेल्या बाजूची कुरकुर म्हणून ती सोडून देणे सोपे होते, आणि घडलेही तसेच.

मोटोजीपीचा नियम वाचायला सोपा आहे. रायडरने जबाबदारीने, इतरांना धोका होणार नाही अशा रीतीने गाडी चालवावी, इतकाच त्याचा आशय. पण ताशी साडेतीनशे किलोमीटरच्याही वर जाणाऱ्या बावीस गाड्या एका वळणावर सोडल्यावर धोका होणार नाही असे काही उरतच नाही. त्यामुळे नियमाचा खरा अर्थ पंचांच्या निकालांतून घडतो, आणि निकालांना दिशा नसेल तर नियमालाही नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की शिक्षा रायडरने ब्रेकच्या खुणेपाशी घेतलेल्या निर्णयाला व्हावी. त्यानंतर कोण कसा पडला, कोणाचे काय मोडले आणि गुणतक्त्यात कोण कुठे होता, या गोष्टी त्या मोजमापातून पूर्ण बाहेर ठेवाव्यात. हे ऐकायला सरळ वाटते. प्रत्यक्षात गेल्या वीस वर्षांत ते क्वचितच झाले आहे.

पहिल्या फेरीतल्या साखळी-अपघातांचेच पाहा. २०२२ मध्ये नाकागामीला काहीच शिक्षा नाही. पुढच्याच वर्षी त्याच बार्सिलोनात, त्याच पहिल्या वळणावर एनेआ बास्टिआनिनी उशिरा ब्रेक मारून घुसला आणि स्वतःसह पाच डुकाटी गाड्या घेऊन गेला. त्याला एक लाँग लॅप मिळाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातल्या मंडालिकाला मार्को बेझेक्की पहिल्या फेरीत मार्क मार्केझवर मागून आदळला, दोघेही पडले, आणि त्याला मिळाले दोन लाँग लॅप. शून्य, एक, दोन. या तीन अपघातांत चुकीची प्रत वाढत गेली असे मानायला मला आधार सापडत नाही. उलट बेझेक्कीची चूक तिघांत सर्वांत सौम्य म्हणता येईल. तो वळण चुकला नव्हता. पुढची गाडी त्या जागी आपल्यापेक्षा किती हळू जाते आहे, याचा त्याचा अंदाज चुकला. पण त्या धडकेत मार्केझच्या उजव्या खांद्याला गंभीर दुखापत झाली. आठवडाभरापूर्वीच मोतेगीला जगज्जेतेपद पक्के केलेल्या रायडरचा उरलेला मोसम बुडाला. मधल्या काळात पंच बदलले हे मान्य. २०१९ पासून पंचमंडळाचे प्रमुख असलेले फ्रेडी स्पेन्सर गेले आणि २०२५ पासून सायमन क्रेफर आले. नवे पंच अधिक कडक आहेत, एवढ्यानेही हा फरक समजावता येईल. पण ते कडक कशाबद्दल आहेत, हे लिहून ठेवलेले नसेल तर प्रेक्षक दुखापतीचाच हिशोब धरणार, आणि रायडरही.

दुखापत मोजण्यातला दोष असा की ती घडवणाऱ्याच्या हातात नसते. धडक बसलेला रायडर कोणत्या कोनात पडतो, खडी कोरडी आहे की भिजलेली, मागून येणाऱ्याला वळायला जागा मिळते की नाही, यावर हाड मोडणे अवलंबून. २००५ मध्ये हेरेझच्या शेवटच्या वळणावर व्हॅलेंटिनो रॉसी सेते हिबर्नाउच्या आत घुसला, खांद्याला खांदा आदळला, हिबर्नाउ खडीत गेला. पण तो पडला नाही आणि दुसरा आला. रॉसी जिंकला, शिक्षा काही झाली नाही. त्या दिवशीची चित्रफीत आजही धाडसी ओव्हरटेकचा नमुना म्हणून दाखवली जाते. २०११ मध्ये ल मान्सला मार्को सिमोन्चेलीने डॅनी पेड्रोसाला बाहेरून मागे टाकताना दार बंद केले, पेड्रोसा पडला, त्याचे कॉलरबोन मोडले. सिमोन्चेलीला पिट लेनमधून जाण्याची शिक्षा झाली आणि व्यासपीठ गेले. दोन्ही ओव्हरटेक तंतोतंत सारखे होते असे नाही. पण हिबर्नाउ पडला असता आणि खांदा निखळला असता, तर हेरेझची ती चित्रफीत आज कोणत्या मथळ्याखाली दाखवली गेली असती?

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. कायदाही परिणाम मोजतोच ना? भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवण्याला कलम २८१ खाली जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद आहे, आणि तशाच निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. चालवणे तेच, शिक्षा दहापट. जे न्यायालयात चालते ते ट्रॅकवर का चालू नये? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक म्हणजे कायद्यातसुद्धा पहिले कलम आहेच. कोणालाही खरचटले नसले तरी बेदरकारपणा हा गुन्हाच राहतो. नाकागामीच्या निकालात हे पहिले कलमच गळून पडले होते. दुसरे असे की रस्त्यावर चालणाऱ्या माणसाने धोका पत्करलेला नसतो, म्हणून त्याला झालेली इजा हा समाजाविरुद्धचा वेगळा अपराध ठरतो. ट्रॅकवर उतरलेल्या प्रत्येकाने पडण्याचा धोका जाणूनबुजून स्वीकारलेला असतो. त्याने जे स्वीकारलेले नसते ते म्हणजे दुसऱ्याचा बेफिकीर निर्णय. खेळातली शिक्षा ही भरपाई नसते, ती रिन्सचे मनगट जोडत नाही की मार्केझचा मोसम परत देत नाही. तिचे काम पुढच्या वेळी ब्रेकच्या खुणेपाशी रायडरच्या मनात एक आकडा उभा करण्याचे आहे. आणि त्या क्षणी रायडरला कोणाचे हाड मोडेल हे ठाऊक नसते. त्याला आपला वेग, समोरची गाडी आणि उरलेली जागा एवढेच ठाऊक असते. ज्या गोष्टीवर त्याचा ताबा नाही तिच्यावर शिक्षा टांगली, तर ती त्याच्या निर्णयाला वळण लावू शकत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हे तत्त्व निदान मान्य तरी आहे. १८ जुलै २०२१ ला सिल्व्हरस्टोनच्या पहिल्या फेरीत लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांची धडक झाली. व्हर्स्टापेन ५१ जी इतक्या आघाताने कुंपणावर आदळला आणि तपासणीसाठी रुग्णालयात गेला. पंचांनी हॅमिल्टनला मुख्यतः दोषी धरले, दहा सेकंदांचा दंड दिला, आणि तो तरीही शर्यत जिंकला. व्हर्स्टापेनचा संघ रेड बुल संतापला. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी परिणाम नव्हे तर घटना पाहिली जाते अशीच बाजू मांडली. तो निकाल अनेकांना पचला नाही, मला मात्र तो पटतो. दंड पुरेसा होता का, हा वेगळा वाद. महत्त्वाचे हे की पंचांनी काय पाहिले ते वाचता येत होते. तिथे प्रत्येक निकालासोबत कारणे लिहिलेला कागद निघतो, आणि २०२५ च्या जूनमध्ये नियामक संस्था एफआयएने ओव्हरटेक कधी रास्त मानायचा याची मार्गदर्शक तत्त्वेही सर्वांसाठी खुली केली. त्यावर भांडणे होतात, पण निदान एका लिखित मजकुरावर होतात.

मोटरसायकलला चारचाकीचे नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हा दुसरा आक्षेप आणि तो खरा आहे. चारचाकी रुंद असते, तिची चाके कुठवर पोहोचली हे रेषेवर मोजता येते. मोटरसायकल वळणात शिरताना साठ अंशांहून जास्त कलते, रायडरचे कोपर जमिनीला टेकते, आणि ‘शेजारी येणे’ हे अर्ध्या सेकंदापुरतेच घडते. शिवाय पुढच्या गाडीच्या मागे हवा विरळ होते. तिथे अंगावर येणारा हवेचा दाब कमी, म्हणून गाडी जास्त वेगाने धावते. आणि ब्रेक दाबल्यावर वेग उतरवायला मदत करणारा तोच दाब कमी, म्हणून थांबायला अंतर जास्त लागते. पंख बसवलेल्या आजच्या गाड्यांत हा खेळ आणखी वाढला आहे. पंखांना हवा मिळाली नाही की पुढचे चाक जमिनीवर दाबले जात नाही, आणि दुसऱ्याच्या मागे राहून राहून पुढचे टायर तापून त्यातला दाब चढलेला असतो. नेहमीच्याच ठिकाणी ब्रेक मारला, गाडी थांबलीच नाही, असे रायडर अपघातानंतर सांगतात तेव्हा ते बहुधा खोटे बोलत नसतात. पण माझ्या दृष्टीने तो बचाव नाही. दोन गाड्यांच्या सावलीत नेहमीच्या खुणेवर ब्रेक मारणे म्हणजे मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मीटर उशिरा ब्रेक मारण्यासारखेच आहे, आणि हे व्यवसाय म्हणून करणाऱ्याला ते आधीपासून माहीत असते. पहिल्या वळणाला, भरलेल्या टाकीने, थंड ब्रेकांनी आणि चहूबाजूंनी वेढलेले असताना तर ते अधिकच माहीत असते. ‘पहिली फेरी आहे, चालायचेच’ म्हणून तिथे सूट देण्याची रीत मला उलटी वाटते. जिथे धोका सर्वांत जास्त आणि तो सर्वांना ठाऊक, तिथे सावधगिरीचे माप वाढायला हवे.

म्हणून चारचाकीतल्या ‘पुढचे चाक कुठवर पोहोचले’ या प्रश्नाऐवजी मोटरसायकलला वेगळा प्रश्न विचारावा लागेल. समोरचा रायडर तिथे नसता, वळण रिकामे असते, तर याच वेगाने आणि याच रेषेने आलेला हा रायडर ते वळण घेऊ शकला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याने दुसऱ्याला धोक्यात घातले एवढेच नव्हे, स्वतःच्या गाडीवरचा ताबाच पणाला लावला, आणि दुसऱ्याचे अंग किंवा गाडी हीच त्याची थांबण्याची जागा ठरली. उत्तर ‘हो’ असेल, तर प्रश्न केवळ जागेचा उरतो. दुसऱ्याला वाट ठेवली की नाही, एवढेच पाहायचे. पहिल्या प्रकाराला जड शिक्षा, दुसऱ्याला हलकी किंवा काहीच नाही. ही कसोटी लावली तर बार्सिलोना आणि ॲसेन एका रांगेत येतात, कारण नाकागामी आणि क्वार्तारारो दोघांचेही पुढचे चाक वळणाआधीच हरले होते. मार्च २०२३ मध्ये पोर्तिमाओला मार्केझने पुढचे चाक लॉक करून होर्गे मार्टिनला घासत मिगेल ऑलिव्हेराला त्याच्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर उडवले, ते जड बाजूला जाते. एक वर्षानंतर त्याच ट्रॅकवर मार्केझ आणि बान्याया एकमेकांच्या रेषा कापताना भिडून पडले, ते हलक्या बाजूला. दोघेही वळण घेत होते, भांडण जागेचे होते, आणि कोणालाच शिक्षा न देण्याचा पंचांचा निर्णय बरोबर होता. बेझेक्कीची मंडालिकातली धडकही रिकाम्या वळणाच्या कसोटीला उतरते. ती फसते अंतराच्या मुद्द्यावर. एक लाँग लॅप तिला पुरेसा होता.

या कसोटीने माझीही गैरसोय होते. २२ सप्टेंबर २०२४ ला मिसानोच्या शेवटच्या फेरीत बास्टिआनिनीने मार्टिनला आतून घुसून मागे टाकले, गाड्या भिडल्या, मार्टिन बाहेर ढकलला गेला आणि बास्टिआनिनी जिंकला. असा ओव्हरटेक पाहायलाच लोक तिकीट काढतात. पंचांनी काहीच केले नाही, आणि स्टेडियममधल्या आनंदात ते शोभूनही गेले. पण २०२३ मध्ये हेरेझला बान्यायाने जॅक मिलरला याहून सौम्य धक्का देत मागे टाकले तेव्हा त्याला एक जागा सोडायला सांगितले गेले होते. त्याने ती सोडली, परत मिळवली आणि शर्यतही जिंकली. हेरेझचा निकाल योग्य असेल तर मिसानोला पहिले दोन क्रमांक अदलाबदल व्हायला हवे होते. पंचवीस गुणांचे वीस, विसाचे पंचवीस. त्या मोसमात मार्टिन दहा गुणांनी जगज्जेता झाला म्हणून हा प्रश्न कोणी पुढे नेला नाही. तो पाच गुणांनी हरला असता तर त्याचे काय झाले असते याची कल्पना करायला फार लांब जावे लागत नाही. नऊ वर्षे मागे गेले की पुरे.

२०१५ मध्ये मलेशियातल्या सेपांगला रॉसी आणि मार्केझ भिडले त्या प्रकरणावर पुरेसा कागद खर्च झाला आहे, आणि रॉसी-मार्केझ यांच्यात खरा दोषी कोण हा वाद मी इथे काढणार नाही. त्यातला एकच भाग शिक्षेच्या मोजमापाशी जोडलेला आहे. तेव्हा दंडगुणांची पद्धत होती. चार गुण झाले की पुढच्या शर्यतीत सर्वांत मागून सुरुवात, सात झाले की पिट लेनमधून, दहा झाले की एक शर्यत बाद. सेपांगला पंचांनी रॉसीला तीन गुण दिले. तीन गुणांचा प्रत्यक्ष परिणाम शून्य होता. पण मिसानोला पात्रता फेरीत जगज्जेतेपदाचा प्रतिस्पर्धी होर्गे लोरेन्झो याच्या वाटेत आल्याबद्दल त्याच्या खात्यावर एक गुण आधीच पडलेला होता, त्यामुळे बेरीज चार झाली आणि व्हॅलेन्सियाला तो शेवटच्या जागेवरून सुटला. तिथून तो चौथा आला, लोरेन्झो शर्यत जिंकला आणि जगज्जेतेपद पाच गुणांनी घेऊन गेला. रॉसीची कृती शिक्षेला पात्र होती असे मला वाटते. पण ज्या पद्धतीत तीन गुणांचे मोल काहीच नाही आणि चौथ्याचे मोल जगज्जेतेपदाएवढे, ती पद्धत कड्यासारखी होती. २०१७ पासून ती रद्द झाली हे बरेच झाले. मात्र तिच्यासोबत एक चांगली गोष्टही गेली, ती म्हणजे स्मरण. आज वर्षभरात तीनदा तीच चूक करणारा आणि पहिल्यांदाच चुकलेला, यांच्यात कागदावर ठरलेला फरक नाही. कडा काढून उतार ठेवता आला असता; दुसऱ्या वेळी दीडपट, तिसऱ्या वेळी दुप्पट, एवढे साधे गणित पुरले असते.

शिक्षेचे वजन सारखे आहे की नाही हा याच प्रश्नाचा दुसरा पदर आहे, आणि त्याकडे लक्ष कमी जाते. लाँग लॅपचा पट्टा प्रत्येक ट्रॅकवर वेगळ्या लांबीचा आणि वेगळ्या वळणावर असतो. कुठे दोन सेकंद जातात, कुठे त्याहून बरेच जास्त. शिवाय पुढच्या शर्यतीत सगळे जवळजवळ धावत असतील तर दोन सेकंदांत सहा जागा जातात, विखुरलेले असतील तर एकही जात नाही. बेझेक्कीने मंडालिकानंतरच्या, फिलिप आयलंडच्या शर्यतीत दोन्ही लाँग लॅप पूर्ण केले आणि तरी तो तिसरा आला. दुसऱ्या एखाद्याचे तेवढ्यात गुणच गेले असते. सर्वांत मागून सुटण्याची शिक्षाही तशीच. २०१२ मध्ये मोटो२ वर्गात सरावातल्या धडकेबद्दल मार्केझला व्हॅलेन्सियाला शेवटून सुरुवात करावी लागली. तेहतिसाव्या जागेवरून निघून त्याने ती शर्यत जिंकली. बलवान माणसाला ही शिक्षा प्रदर्शनाची संधी ठरते आणि मधल्या फळीतल्याला खड्ड्यात घालते. यावर उपाय म्हणजे शिक्षा सेकंदांत लिहावी आणि त्या सेकंदांइतका पट्टा त्या ट्रॅकवर आखता आला नाही तर उरलेला वेळ निकालात जोडावा. निकालात वेळ जोडला की घरी टीव्ही पाहणाऱ्याचा विरस होतो हे मान्य; डोळ्यांसमोर घडणारी शिक्षा नेहमीच जास्त समाधान देते. पण दोन रायडरांना एकाच चुकीची वेगवेगळी किंमत मोजावी लागू नये, यापुढे हा विरस लहान आहे.

परिणामांवर शिक्षा टांगण्याचा सर्वांत विचित्र शेवट पोर्तिमाओच्या प्रकरणात झाला. मार्केझला दोन लाँग लॅप झाले आणि ते ‘अर्जेंटिनाच्या शर्यतीत’ भोगायचे असे लिहिले गेले. पण त्या धडकेत त्याच्याच अंगठ्याजवळचे हाड मोडले होते, तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग पंचांनी खुलासा केला की तो ज्या शर्यतीत परतेल तिथे शिक्षा लागू होईल. होंडाने अपील केले, आणि मे महिन्यात अपील न्यायालयाने शिक्षाच रद्द केली, कारण एकदा दिलेला निकाल मागाहून बदलता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने न्यायालय बरोबर होते. फलित मात्र असे की ऑलिव्हेरालाही दुखापतीमुळे एक शर्यत सोडावी लागली आणि त्याला उडवणारा ल मान्सला पहिल्या रांगेतून, कोणतेही देणे नसताना सुटला. स्वतःचे हाड मोडणे हे त्याच्या शिक्षेचे उत्तर ठरले. त्यानंतर पंच शब्द जपून वापरतात. बास्टिआनिनीची शिक्षा तो परतेल त्या पहिल्या शर्यतीसाठीच लिहिली गेली. चूक दुरुस्त झाली, पण ती घडू शकली याचे कारण शिक्षा कोणत्या गोष्टीला आहे यावर कोणी आधी विचार केलेला नव्हता.

पंचांना विचार करता येत नाही असे मात्र नाही. ३ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत ऑस्टिनला मोटो३ शर्यतीत डेनिझ ओन्जू याने सरळ पट्ट्यात मागच्या गाडीसमोर रेषा बदलली. तीन रायडर पडले, त्यातला पेद्रो अकोस्ता तेव्हा गुणतक्त्यात पहिला. त्या वेगात तिघेही उठून चालत गेले, हा निव्वळ योगायोग. पंचांनी ओन्जूवर दोन शर्यतींची बंदी घातली. रुग्णालयाची नोंद कोरी, शिक्षा त्या वर्षांतल्या सर्वांत कडक शिक्षांपैकी. त्या मोसमात लहान वर्गांत तीन कोवळ्या रायडरांचे मृत्यू झाले होते, त्यामुळे कृतीकडे थेट पाहण्याचे बळ पंचांना मिळाले असावे. ते बळ शोकाची वाट न पाहता मिळायला हवे.

आता वेळेचा आक्षेप. पंचांना मिनिटे मिळतात, तिकडे पुढची फेरी सुरू असते, टेलिमेट्री पाहायला वेळ कुठे, असे म्हटले जाते. हलक्या प्रकरणांत टेलिमेट्री लागतच नाही. जागा परत द्यायला सांगणे, जसे हेरेझला झाले, हा निर्णय चित्रफितीवरून होतो आणि तो तिथल्या तिथेच व्हावा. मिळवलेला लाभ परत घेण्याइतकी नेमकी शिक्षा दुसरी नाही. जड प्रकरणांत आरोपी बहुधा स्वतःच पडलेला असतो, शिक्षा पुढच्या शर्यतीवरच जाते, मग घाई कोणाला आहे? २०१६ पासून सगळ्या मोटोजीपी गाड्यांत एकाच प्रकारची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. ब्रेक किती दाबला, कुठे दाबला, वेग किती होता, हे प्रत्येक गाडीत एकाच भाषेत नोंदलेले असते. संघाने संध्याकाळपर्यंत ती नोंद पंचांपुढे ठेवावी, पंचांनी त्याच रायडरच्या आधीच्या फेऱ्यांशी ती ताडून पाहावी आणि दोन परिच्छेदांत निकाल लिहावा. हेतू ओळखता येत नाही म्हणतात, पण या मोजणीत हेतूची गरज पडत नाही. रोमानो फेनातीने २०१८ मध्ये मिसानोला प्रतिस्पर्ध्याचा ब्रेक हाताने दाबला तसे प्रकार वेगळे आणि विरळ. बाकी धडकांत कोणीच कोणाला पाडायला निघालेले नसते.

या सगळ्याने ओव्हरटेकिंग मरेल ही भीती उरते. आतून घुसणाऱ्याला प्रत्येक वेळी न्यायालयात उभे केले तर कोणी घुसणार नाही, शर्यत मिरवणूक होईल. मिरवणूक आज होते ती मात्र शिक्षेमुळे नव्हे. ती पंखांमुळे आणि वळणातून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग खाली बसवणाऱ्या यंत्रणांमुळे होते, कारण त्यांनी सर्वांचे ब्रेकिंग आणि वळणाबाहेरचा वेग जवळजवळ सारखा करून टाकला आहे. ब्रेकच्या खुणेपाशी जुगार खेळण्यावाचून पुढे जायला दुसरी वाट राहिलेली नाही. २०२७ पासून इंजिने ८५० सीसीची होणार, पंख आखूड होणार, मागचा भाग खाली बसवणाऱ्या यंत्रणा हद्दपार होणार. हवेतला गोंधळ कमी झाला की ब्रेकिंगमध्ये फरक पडू लागेल, आतून घुसण्याचे प्रयत्न वाढतील आणि धडकाही. पंचमंडळाला आपली कसोटी लिहून काढायला त्याआधीचा काळ आहे, आणि सुरुवातीला जुन्या चित्रफितींमधून बार्सिलोना २०२२ पुन्हा लावून पाहायला हरकत नाही.